शून्य तक्रारींचा अभिमान

कॉलेजात 'समान संधी केंद्रा'चा फलक लागला की जातिभेद संपला, असे मानणे आता पुरे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समित्यांवर मी 'बाहेरची सदस्य' म्हणून जाते. प्राचार्य त्या समितीबरोबर समान संधी केंद्राचीही फाईल पुढे करतात : उद्घाटनाचे फोटो, ८ मार्चचे व्याख्यान, तक्रारी शून्य. शून्याचा केवढा अभिमान! नॅकसमोरही तो शोभून दिसतो. मुलींशी बोलावे तर कळते, शिष्यवृत्तीसाठी भर वर्गात जातवार नावे पुकारतात, आणि तक्रार ज्या सरांकडे करायची तेच तोंडी परीक्षा घेतात. करील कोण तक्रार?

भेदभावाविरुद्धचे यूजीसीचे नियम २०१२ चे. तक्रार ऐकायला अधिकारी नेमायचा. पण तो संस्थेनेच नेमलेला, संस्थेचाच प्राध्यापक. हे नियम असतानाच २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी. पायल आदिवासी, तडवी भिल्ल समाजातली. स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिच्या छळाचा आरोप ज्या तिघी वरिष्ठ डॉक्टरांवर झाला, त्या बायकाच. आपल्या भगिनीभावाची कसोटी इथे लागते. 'बाई तेवढी एक' म्हणायचे आणि जातीचा प्रश्न दलित-आदिवासी संघटनांच्या ओसरीवर नेऊन ठेवायचा, हे किती दिवस?

त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कागदावरचे नियम अमलात आणा, एवढे सांगायला लेकरे गमावलेल्या आयांना दिल्ली गाठावी लागली. जानेवारी २०२६ मध्ये यूजीसीने नवे नियम काढले. लगेच गैरवापराची ओरड झाली आणि त्याच महिन्यात न्यायालयाने स्थगिती दिली. ही ओरड आपल्या ओळखीची आहे, मैत्रिणींनो. ४९८-अ च्या वेळी आपण हेच ऐकले. मार खाणारीने आधी आपला खरेपणा सिद्ध करावा, मगच कायदा हलणार!

लैंगिक छळाच्या समितीवर निदान बाहेरची बाई बसते. जातीच्या तक्रारीलाही बाहेरची व्यक्ती हवी, आणि तीही दलित-आदिवासी चळवळीतली. शून्य तक्रारींच्या अहवालावर मी सही करत नाही; आधी वसतिगृहात जाऊन मुलींना भेटू द्या, म्हणते. एका कॉलेजने त्यानंतर मला बैठकीला बोलावणेच बंद केले. आपल्या संघटनांतल्या ज्या ज्या बायका अशा समित्यांवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत सह्या अडवून धराव्यात. आम्हा सगळ्याजणींना वगळणे त्यांना जड जाईल.