कायद्याच्या आधीची निवड

शी ताओ हे पत्रकार तसेच कवीही, म्हणून आम्हां वाङ्मयाच्या अध्यापकांना त्यांच्याविषयी विशेष आस्था वाटते. एप्रिल 2004 मध्ये, तिआनमेन हत्याकांडाच्या 15व्या स्मृतिदिनाच्या तोंडावर वृत्तपत्रांना आलेल्या सरकारी आदेशाचा गोषवारा त्यांनी याहूच्या ईमेलवरून परदेशी धाडला. याहूच्या चीनमधील कचेरीने खात्याचा तपशील पोलिसांच्या हवाली केला. 2005 मध्ये शी ताओंना 10 वर्षांची शिक्षा झाली.

जेथे व्यवसाय करावयाचा तेथील कायदा पाळावाच लागतो, हा कंपनीचा बचाव. आम्हांला तो अर्धाच खरा वाटतो. पोलीस दारात आल्यावर नकार देणे कठीण, हे मान्य. परंतु ग्राहकांची पत्रे चीनच्या हद्दीत ठेवण्याचा निर्णय त्यापूर्वीच, बाजारपेठेच्या ओढीने झालेला होता. 2006 मध्ये गूगलने चीनसाठी काटछाट केलेले शोधयंत्र आणले (तेही लांच्छनास्पदच!), पण ईमेलची खाती तेथे ठेवण्याचे हेतुपुरस्सर टाळले. म्हणजे निवडीला वाव होता.

नोव्हेंबर 2007 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना याहूचे जेरी यांग शी ताओंच्या मातोश्रींपुढे वाकले. शी ताओ सुटले ते ऑगस्ट 2013 मध्ये. त्याच महिन्यात याहूची चीनमधील ईमेल सेवा बंद झाली.