ठराव झाला, पुढे काय?

आपल्या विभागाच्या मासिक बैठकीचे एक ठरलेले रूप आहे. वेळ सहाची, सुरुवात पावणेसातला. मागील इतिवृत्त वाचून कायम होते. मग भाषणे. ती १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून निघतात आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यापाशी येऊन थांबतात. दोन-तीन ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात. आभार, चहा. जिना उतरताना कोणीतरी म्हणतो, "आजची बैठक छान झाली, हॉल भरला होता."

बैठक छान झाली हे ठरवायचे कशावरून? हॉल भरला यावरून?

मी बँकेत कारकून आहे. संध्याकाळी काउंटर बंद करताना आज किती गर्दी होती, हे कोणी विचारत नाही. रोकड जुळली का, एवढेच विचारतात. एखादी नोंद जुळत नसेल तर ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात, पण ती तिथे पडून राहिलेली चालत नाही. तपासनीस आला की असल्या खात्यांकडे त्याची नजर आधी जाते. आपल्या इतिवृत्ताच्या वहीकडे मी त्याच नजरेने पाहिले आणि मन खट्टू झाले. आपले बहुतेक ठराव सस्पेन्स खात्यात पडून आहेत.

एकच उदाहरण देतो. मराठी शाळेचा पट घटत आहे, तेव्हा घरोघरी जाऊन पालकांना भेटावे, असा ठराव आपण लागोपाठ तीन बैठकांत केला. तिन्ही वेळा सूचक आणि अनुमोदक यांची नावे वहीत आहेत. कोणत्या गल्लीत कोणी जायचे आणि कधीपर्यंत, हे एकदाही लिहिलेले नाही. पहिली बैठक जुलैत झाली. तोपर्यंत शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. मार्च-एप्रिलमध्ये पालक शाळा निवडतात, तेव्हा आपण काय करत होतो? वही सांगते, सत्काराचे नियोजन.

मतदार यादीचेही तेच. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. त्यावर आपण तासन्‌तास बोललो. फूट कोणी पाडली, मते कोणाची फुटली, सगळे झाले. पण २०२२ पासून नवमतदाराच्या नोंदणीसाठी वर्षातून चार पात्रता तारखा असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. या तारखांच्या आधी आपल्या मुलामुलींचे सहा नंबरचे अर्ज कोणी भरून घ्यायचे, हा विषय एकाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर नव्हता.

अधिकारांच्या बाबतीतही हीच गत. घटनेच्या ३५०-अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे. तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील, तर महत्त्वाची सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेत मिळावीत, हे संरक्षण ठरलेले आहे. त्याचे उल्लंघन झाले की आपण निषेध नोंदवतो. तक्रारीचा मसुदा, सोबतची कागदपत्रे, पोचपावती, पुढचे स्मरणपत्र, ही कामे मात्र कोणाच्याच नावावर नसतात.

ज्येष्ठांचे यावर म्हणणे असते की, बैठक म्हणजे केवळ काम नव्हे. माणसे एकत्र येतात हेच मोठे. हे म्हणणे खोटे नाही. ज्या पिढीने लाठ्या आणि तुरुंग सोसले, ती अशाच बैठकांनी बांधलेली राहिली. आपण सारे नोकरी-धंदा सांभाळून येतो, कोणाला मेमो देता येत नाही, हेही खरे. पण म्हणूनच झेपतील तेवढेच निर्णय घ्यावेत. दहा ठरावांपेक्षा पार पडलेली दोन कामे बरी. मेळाव्यासाठी वर्षातून दोन दिवस वेगळे ठेवू या. मासिक बैठक कामाची असू दे.

वाणिज्य शाखेत शिकताना सभेचे नियम पाठ केले होते. कंपनी कायद्यात इतिवृत्त ३० दिवसांच्या आत नोंदवण्याचे बंधन आहे. आपल्याला एवढे कडक नियम नकोत. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक बैठकीच्या शेवटी चहाच्या आधी पाच मिनिटे काढून चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. मागच्या वेळी ठरलेले काय झाले? आज ठरले ते कोण करणार? कोणत्या तारखेपर्यंत? आणि नेहमीच्या चार वक्त्यांशिवाय आज आणखी कोण बोलले, त्यांत महिला किती आणि तिशीच्या आतले किती?

चौथा प्रश्न टोचेल, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मागे बसून मोबाइल पाहणाऱ्या मुलाला आपण कधी काही विचारले नाही, म्हणून तो यायचा थांबला. उद्या दाव्याचा निकाल काहीही लागो, त्यानंतर इथे राहायचे आहे ते त्याला.

पुढच्या बैठकीत वहीची पाने मागे उलटून सुरुवात करू या. ती सहाला सुरू झाली, तर तेही पहिल्या दिवसाचे यश समजू.