चिवट पाहुणा

दिवाळी आली, की दवाखान्यात आयांची एकच तक्रार सुरू होते. "डॉक्टर, हा सारखा फराळाचे डबे उघडतो. एवढं गोड खाऊन पोटात जंत नाही का व्हायचे?" गेली पन्नास वर्षे मी एकच उत्तर देत आलो आहे. बाई, जंत करंजीतून होत नाहीत, मातीतून येतात. त्यांची अंडी न धुतलेल्या हातांबरोबर आणि भाजीपाल्याबरोबर पोटात जातात. करंजी बिचारी निर्दोष आहे!

एरवी या सदरात मी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देतो. दिवाळी अंकासाठी मात्र 'स्वतःचे काही लिहा' अशी संपादकांची आज्ञा झाली आहे. तेव्हा स्वतःचीच फजिती सांगतो.

गोष्ट १९७२ सालची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात दोन वर्षे नोकरी करून मी मुंबईला परतलो होतो. मुलगी तीन महिन्यांची होती. अशात मला खोकला लागला. दिवसा बरे वाटे, पण रात्रीचे दोन वाजले, की धाप लागे, छातीत सूं सूं आवाज होई आणि खोकल्याची उबळ थांबता थांबत नसे. बारीक ताप येई, वजनही उतरत चालले. छातीचा फोटो काढला, तर दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके! डॉक्टर झालो तरी मी माणूसच. क्षय झाला, असे मनाने घेतले.

त्या दिवसापासून मुलीला जवळ घेणे बंद केले. मी बाहेरच्या खोलीत झोपे. आत ती रडू लागली, की सौ. म्हणे, "तुम्ही उठू नका हं." सहा आठवडे मी माझी लेक दारातून पाहिली. ती हसायला शिकली, तेही दारातूनच पाहिले.

थुंकीत क्षयाचे जंतू काही सापडेनात. शेवटी लॅबोरेटरीतल्या एका वयस्क टेक्निशियनने माझ्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, इकडे या. दिवाळी बघा!" पाहतो तो जिकडे तिकडे नारिंगी-तांबड्या दाण्यांनी भरलेल्या पेशी. शंभर पांढऱ्या पेशींत अशा पेशी चार-पाच असाव्यात. माझ्या रक्तात साठाच्या वर होत्या! याच त्या इओसिनोफिल पेशी. पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये त्यांना ओळखले, ते इओसिन नावाचा तांबडा रंग त्या शोषून घेतात म्हणून.

या पेशी एवढ्या संख्येने कशाला जमतात? साधा रोगजंतू इवलासा असतो; पांढरी पेशी त्याला सरळ गिळून टाकते. पण पोटातला जंत वीतभर, कधी त्याहूनही लांब. त्याला गिळणार कोण? म्हणून शरीराने अशा पाहुण्यासाठी निराळी तजवीज केली आहे. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी जंताचा सुगावा लागताच हाकाटी करतात. हे त्यांचे काम २०१६ साली उलगडले. मग आतडे भरपूर बुळबुळीत स्राव सोडते, हालचाल वाढवते आणि जंताला बाहेर लोटू पाहते. मारता येत नाही, तर निदान हाकलावे!

रक्तात आणि फुप्फुसात शिरलेल्या अळ्यांसाठी दुसरी फौज असते. इम्युनोग्लोब्युलिन ई नावाची प्रतिपिंडे शरीराला सावध करतात आणि इओसिनोफिल पेशी अळीभोवती गराडा घालून आपले विषारी दाणे तिच्यावर टाकतात. ही प्रतिपिंडे इशिझाका पतिपत्नींनी १९६६ साली अमेरिकेत शोधली, तीही परागांच्या ॲलर्जीचा अभ्यास करताना. जंताविरुद्धचे हत्यार तेच दम्याचेही! म्हणून माझी छाती वाजत होती.

मला खेड्यातल्या डासांनी हत्तीरोगाच्या अळ्यांची भेट दिली होती. यातली खरी गंमत पुढेच आहे. हत्तीरोगाच्या मुलखात कित्येकांच्या रक्तात हजारो अळ्या फिरत असतात आणि त्यांची काही म्हणता काही तक्रार नसते. तो किडा वर्षानुवर्षे अंगात राहतो, कारण तो आपल्या फौजेला गुंगी आणतो. घरमालक आणि पाहुणा यांचा जणू तह होतो. माझ्या शरीराने तह नाकारला. फुप्फुसात येणारी अळी न् अळी त्याने मारली. रक्तात एकही सापडली नाही. पण त्या माऱ्यात माझे फुप्फुसच होरपळत होते. खोकला किड्याचा नव्हता, माझ्याच शिपायांचा होता. तसाच ठेवला असता, तर फुप्फुसे कायमची निबर झाली असती.

हेट्राझानच्या गोळ्या तीन आठवडे घेतल्या. आठव्या रात्री मी सलग झोपलो. सकाळी सौ.ने काही न बोलता मुलगी माझ्या मांडीवर आणून ठेवली.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. रात्रीचा खोकला आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर मनानेच दमा किंवा क्षय ठरवून बसू नये. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'मला काही होत नाही,' या शब्दावर विसंबू नये. तह झालेल्या माणसाला काही होत नाही, पण त्याला चावलेला डास शेजारच्या घरी जातो. म्हणून हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी गोळ्या घेऊन दारी आले, की त्या त्यांच्यासमोरच घ्याव्यात. गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुले आणि फार आजारी माणसे तेवढी वगळावीत. मुलांना जंतनाशक दिनाची गोळीही चुकवू देऊ नये. देवी एकदा आल्या, की पुन्हा बहुधा येत नसत. जंतांचे तसे नाही. ते पुन्हा पुन्हा येतात, कारण त्यांच्याविरुद्ध शरीराचा बंदोबस्त कधीच पक्का होत नाही.

तीच लेक आता पन्नाशी ओलांडून गेली. या दिवाळीला ती नातवंडांना घेऊन येते आहे. डबे उघडे ठेवायला सौ.ला सांगितले आहे. अट एकच : आधी हात धुवायचे!