‘नेहमीच’ आणि ‘कधीच’

“मुलगा दहावीला आहे, अभ्यासाला बसतच नाही. आमच्याकडे दोन दिवसांचं ‘एन.एल.पी.’चं शिबिर आहे. मनाचं प्रोग्रॅमिंगच बदलून देतात म्हणे! भिशीचे पैसे हाताशी आहेत. भरू का?” असं एका वाचक भगिनीनं विचारलंय. प्रश्न बऱ्याच जणींचा असेल, म्हणून इथंच लिहिते.

नाव मोठं भारदस्त आहे, न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. याचा जन्म १९७० नंतरच्या काही वर्षांत सांताक्रूझला झाला. आपलं मुंबईचं नव्हे हो, कॅलिफोर्नियातलं! तिथल्या विद्यापीठात रिचर्ड बँडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक एकत्र आले. कुटुंबातली भांडणं सोडवणाऱ्या व्हर्जिनिया सॅटिर, मानसोपचार करणारे फ्रिट्झ पर्ल्स, संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन, ही मंडळी बोलतात तरी कशी, की समोरच्याला हलकं वाटावं? त्यांच्या बोलण्याचा या दोघांनी बारकाईनं अभ्यास केला. १९७५ साली पहिलं पुस्तक आलं आणि पुढे याचा धंदाच झाला.

आता पैशांचं. डोळे अमुक बाजूला वळले की माणूस खोटं बोलतो, असं शिबिरांतून छातीठोकपणे सांगतात. २०१२ साली प्रयोग करून पाहिले, तेव्हा त्यात काही तथ्य आढळलं नाही. त्याआधी १९८८ मध्येच अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीनं या पद्धतीच्या दाव्यांना फारसा पुरावा नाही, असं म्हटलं होतं. भिंतीवरची प्रमाणपत्रं खासगी संस्था देतात, ती काही डॉक्टरची पदवी नव्हे. तेव्हा भिशीचे पैसे राहू द्या. मात्र मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, ‘जगून काय करू’ असं तोंडी येत असेल, तर शिबिर नको आणि घरगुती उपायही नकोत. सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

मग सगळंच टाकाऊ का? तसं नाही. त्या पहिल्या पुस्तकातला प्रश्न विचारण्याचा भाग मला खरंच कामाचा वाटतो, आणि त्याला फी लागत नाही. बोलताना आपण बरंच गाळतो, एकावरून सगळ्यांना मोजतो, दुसऱ्याच्या मनातलं आपणच ठरवून टाकतो. तिथं थांबून विचारायचं.

‘हे मला कधीच मदत करत नाहीत.’ कधीच? परवा सिलिंडर कोणी लावला? बरं, नेमकी कोणती मदत हवी आहे? सकाळी डबे भरताना की रात्री ओटा आवरताना? तेवढंच मागा. नुसत्या ‘मदत’ या शब्दाला नवरे मंडळी दाद देत नाहीत.

‘सासूबाई बोलल्या नाहीत, म्हणजे रागावल्यात.’ कशावरून? त्यांचे गुडघे दुखत असतील. “आई, बरं नाही का वाटत?” एवढं विचारलंत तर दिवसभराची धुसफुस वाचेल.

‘मला बँकेचं जमणारच नाही.’ काय जमत नाही? स्लिप भरणं, की काउंटरवरच्या माणसाशी बोलणं? अडचण एवढीशी निघते बघा.

मुलाशीही तसंच. “तू अभ्यासच करत नाहीस” याला त्यानं काय उत्तर द्यावं? “भूमितीत नेमकं कुठं अडतंय?” याला उत्तर आहे. कदाचित ते “सातवीपासूनच कळत नाही” असं निघेल. मग शिकवणीचा विचार करता येईल.

एक मात्र सांभाळा. हे प्रश्न आधी आठवडाभर स्वतःलाच विचारा. नवरा दमून आल्यावर “रोज उशीर होतो” म्हणाला आणि तुम्ही वकिलासारखं “रोज? अगदी रोज?” केलंत, तर त्या दिवशीचा चहा गार झालाच म्हणून समजा.