पार्किंग करताय ती जागा आमच्या विहिरींचं तोंड आहे



आजची नोंद जरा वेगळी. शेतातलं आधी सांगून टाकतो. मृगबागेला खताचा हप्ता दिला. पावसाने करपा (सिगाटोका) खालच्या पानांवर दिसायला लागला होता, ती पानं कापून बागेबाहेर नेली. कापलेली पानं बागेतच टाकून देणाऱ्यांना मी मागेही बोललो होतो, आज बोलत नाही. आज डोकं दुसऱ्याच गोष्टीने गरम आहे.

मागच्या आठवड्यात गावात बैठक झाली. शहरातून दोन साहेब आले होते. पडदा लावला, चित्रं दाखवली. आमच्या गावावरून सातपुड्यात धबधब्याकडे जी वाट जाते, तिथे नाल्याच्या काठची सात-आठ एकर गोटाळ जमीन सपाट करायची. तिच्यावर पार्किंग, खाण्याच्या टपऱ्या, दोन रिसॉर्ट आणि पोहायचा तलाव. चित्रात सगळं हिरवंगार होतं. शेवटी एक साहेब म्हणाले, "काका, हवामान बदललं, शेतीत आता काही राहिलं नाही. तुम्ही पर्यटनाकडे वळा." टाळ्या पडल्या. माझ्या पोरानेही वाजवल्या.

मी दहावी पास माणूस. बैठकीत लगेच उत्तर सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं. ते आता लिहितो.

हवामान बदललं, हे मला पडद्यावर दाखवायची गरज नव्हती. पस्तीस वर्षं केळी लावतोय. यावल-रावेरचा शेतकरी थर्मामीटर न बघता सांगतो की आज पारा कुठे गेला. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ च्या पुढे जातं तेव्हा पानं करपतात, घडाचा दांडा मऊ पडतो आणि भरलेला घड मोडून खाली येतो. थंडीत पारा एकदम उतरला की घड खोडातच अडकतो, धड निसवत नाही, आणि निसवला तरी फण्या भरत नाहीत. मृगाच्या आधीचं वादळ तर अर्ध्या तासात वर्षाचं पीक आडवं करतं. मी दोनदा उभ्या बागेचा चारा झालेला पाहिला आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. पण वारा मानांकन बघून थांबत नाही.

तेव्हा साहेबांचं पहिलं वाक्य कबूल. दुसरं कबूल नाही. शेतीला पाणी पुरत नाही म्हणून पर्यटन करा म्हणता, मग पर्यटन काय कोरड्यावर चालतं? धबधबा कशाचा असतो? आमच्याकडे मार्च ते जून उन्हात कोण फिरायला येणार आहे? गर्दी होते ती श्रावण-भादव्यात, पाऊस चांगला असला तर. ज्या वर्षी पाऊस दडी मारतो त्या वर्षी मनुदेवीचा धबधबाही कोरडा आणि माझी बागही कोरडी. एकाच डोंगरावर दोघं उभे आहोत. शेती बुडाली तर पर्यटन तारेल, हे गणित कोणी मांडलं?

आता जागेचं. कृषीचे साहेब ही नोंद वाचतात म्हणून नीट लिहितो, चुकलं तर सांगा. सातपुड्याच्या पायथ्याला जो दगडगोट्यांचा आणि वाळूचा पट्टा आहे त्याला भूजलवाले बझाडा म्हणतात. डोंगरातून नद्या-नाले जोरात येतात, पायथ्याला आल्यावर त्यांचा वेग मोडतो आणि बरोबर आणलेला गोटा ते तिथेच टाकतात. हजारो वर्षांत असा जाड थर साचला. पावसाळ्यात नाला तिथपर्यंत खळखळत येतो आणि पुढे दिसेनासा होतो. पाणी जातं कुठे? खाली जातं, आणि खालून तापीच्या दिशेने सरकत आमच्या विहिरींना येतं. चोपडा, यावल, रावेरची केळी त्या पाण्यावर उभी राहिली. गोटाळ जमिनीत पीक येत नाही म्हणून ती फुकट पडली आहे असं साहेबांना वाटलं. अहो, ते आमच्या विहिरींचं तोंड आहे. त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवणार, वरून काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक.

याच पट्ट्यात पाणी जिरवण्यासाठी तापी मेगा रिचार्जची योजना आहे. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तिच्यावर सह्या केल्या. म्हणजे एका हाताने भोक पाडायचं सरकारी खर्चाने, दुसऱ्या हाताने त्याच भोकाला बूच मारायचं.

माझ्या वडिलांच्या विहिरीला साठ फुटांवर पाणी होतं, मोट चालायची. माझं बोअर पाचशेच्या पुढे गेलं आहे. हे रिसॉर्टने केलं का? नाही. हे आपण केलं, मंडळी. एकाने तीनशे फूट खणलं की शेजाऱ्याने चारशे. ठिबक आलं तर वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली. डोंगरातला साग आणि अंजन तुटत होता तेव्हा गावाने तोंड फिरवलं. यावल अभयारण्य १९६९ पासून कागदावर आहे, १७७ चौरस किलोमीटर. त्यात आज उभी झाडं किती, ते डोंगरात जाणाऱ्याला विचारा. माझे हात स्वच्छ आहेत असं मी म्हणत नाही. पण घरात एक भोक पडलं म्हणून दुसरं पाडून घ्यायचं का?

रविवारच्या गर्दीचा हिशेबही मांडतो. मागच्या श्रावणात नाल्याच्या कडेला चरणाऱ्या माझ्या म्हशीच्या खुरात बाटलीची काच गेली. डॉक्टर, मलमपट्टी, पंधरा दिवस दूध निम्मं. धबधब्याकडून आलेल्या गाड्या माझ्या बांधावर लागल्या होत्या. गावाला त्या दिवशी काय मिळालं? दोन पोरांनी मक्याची कणसं विकली. बाकी पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, दारू सगळं शहरातून गाडीत भरून आलेलं, आणि रिकामं झाल्यावर आमच्याकडे राहिलेलं.

आणि डोंगरातला पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही. ३१ ऑगस्ट २०२१ आठवा. डोंगरात एका रात्रीत कोसळला आणि तितूर, डोंगरी नद्या चाळीसगावात घुसल्या. कन्नड घाटात दरडी येऊन रस्ता बंद पडला. पाटणादेवीला आणि पितळखोऱ्याला लोक जातात तो सगळा हाच डोंगर. लोणावळ्याला ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका घरची पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. आमच्या नाल्याला लोंढा येतो तेव्हा आवाज आधी येतो, माणसाला पळायला दोन-चार मिनिटं मिळतात. ते आम्हाला कळतं. मोबाईलवर गाणी लावून बसलेल्या पाहुण्याला कोण सांगणार? आणि चित्रातलं पार्किंग तर नाल्याच्या काठावरच आहे.

तुम्ही म्हणाल, याला सगळ्यालाच विरोध करायचा आहे. नाही.

माझी बहीण साक्री तालुक्यात दिली आहे. तिकडे बारीपाडा आहे. चैत्राम पवारांना २०२५ ची पद्मश्री जाहीर झाली ते गाव. तिथेही एकेकाळी डोंगर बोडका होता आणि उन्हाळ्यात बायांची पाण्यासाठी वणवण होती. १९९० नंतर गावाने बसून ठरवलं, कुऱ्हाड बंद, मोकाट चराई बंद, मोडेल त्याला दंड. चारशे हेक्टरांच्या वर जंगल राखलं. विहिरींना पाणी आलं, भात पिकायला लागला. आणि त्यानंतर पाहुणे आले. दरवर्षी तिथे वनभाज्यांची स्पर्धा होते. बाया डोंगरातल्या रानभाज्या रांधून आणतात, बाहेरगावची माणसं जेवून जातात, शिकून जातात. मी दोनदा गेलो. पोहायचा तलाव दिसला नाही. मेव्हणा म्हणाला, "दाजी, जंगल शे म्हनीसन पानी शे, पानी शे म्हनीसन पाव्हना शे." आमच्या बैठकीत हा क्रम उलटा होता.

हतनूरला थंडीत लांबून पक्षी येतात, ते बघायला माणसं येतात. दुर्बीण घेऊन गुपचूप बसतात आणि जातात. अशांना मी चहा पाजीन. पांझरेच्या फड बागायतीत शेकडो वर्षांपासून एका बंधाऱ्याचं पाणी सगळा गाव पाळीने वाटून घेतो, पाटकरी गावाने नेमलेला. हे दाखवायला माणसं आणा ना, आम्हीच तिकीट फाडू. साताऱ्याच्या कासला फुलांच्या दिवसांत दिवसाला तीन हजारांची मर्यादा ठेवली आणि शुल्क गावांच्या समित्या घेतात. म्हणजे गर्दीला दार लावता येतं, लावायची इच्छा पाहिजे.

ग्रामसभेत मी मागणार आहे ते आधीच सांगतो. गोट्याच्या पट्ट्यात काँक्रीट नको. गाड्या डांबरी रस्त्याला गावठाणाजवळ थांबवा, पुढे पायी, नाहीतर गावच्या बैलगाडीने. नवीन बोअर नको, तलाव तर नकोच. पोहायचं असेल तर माझ्या शेततळ्यातही नको, तारेचं कुंपण उगाच केलेलं नाही. रोजची माणसं मोजून सोडा. शुल्क ग्रामपंचायतीच्या खात्यात, आणि त्यातला निम्मा पैसा डोंगरात चर खोदायला आणि झाडं जगवायला. अलर्ट असेल त्या दिवशी वाट बंद. भूजलवाल्यांनी एकदा येऊन जागा बघावी आणि लेखी द्यावं. साहेबांना हे परवडत नसेल तर त्यांनी दुसरा डोंगर बघावा.

पोराचं म्हणणंही लिहितो, नाहीतर तो म्हणेल बापाने लपवलं. त्याचं वय सव्वीस, लग्न जमत नाही, कारण शेतकरी आहे. तो म्हणतो, "दादा, वादळ आलं की तुम्ही पंचनाम्याची वाट बघता. मला महिन्याला ठरलेला पैसा पाहिजे. दोन एकर भाड्याने देऊ, रिसॉर्टवर मला काम देणार आहेत." याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. त्याला म्हटलं, त्या दोन एकरांत दोन खोल्या आपणच बांधू, कौलारू. माणसं केळीची बाग बघतील, तुझी आई कळण्याची भाकरी आणि भरीत करेल. २०२० पासून राज्याचं कृषी पर्यटनाचं धोरण आहे, त्यात नोंदणी करू. तो म्हणाला, भांडवल? तिथे गाडी अडली आहे. या नोंदीखाली कोणी बँकेचं किंवा नोंदणीचं स्वतः केलेलं असेल तर आकड्यांसह लिहा, पोराला वाचून दाखवतो.

ग्रामसभा येत्या गुरुवारी सकाळी दहाला आहे. नाल्याकाठी ज्यांची विहीर आहे त्या प्रत्येकाने यावं, आणि चावडीच्या बाहेर उभं न राहता आत बसावं. मी हात वर करणार तो विरोधात. पोरगा कुठे करतो ते तिथेच कळेल.