भाड्याची वर्दळ

माहितीचा सुकाळ झाला की अवधानाचा दुष्काळ पडतो, असे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच बजावले होते. संकेतस्थळे चालविणारे आज तोच दुष्काळ सोशीत आहेत. 'गूगल' २००० पासून शोधशब्दांवर जाहिराती विकते. पैसा थांबला की ती वर्दळही थांबते. छोट्या मराठी प्रकाशकाने हे भाडे किती काळ भरावे? इतरांनी आपल्या स्थळाकडे दिलेले दुवे ही खरी पत. तीही विकत मिळते म्हणा! परंतु 'जे. सी. पेनी' या अमेरिकी दुकानासाठी पेरलेले विकतचे दुवे २०११ मध्ये उघडकीस आले आणि शोधयादीत ते पार खाली गेले. मराठी स्थळांचे दुखणे बरेचदा याहून साधे असते. युनिकोडपूर्व टंकातील मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नाही. तो युनिकोडमध्ये आणून तपासून घेण्यास मजुरी पडते. पण ती एकदाच.