केसपेपरवर न लिहिलेलं कारण

काही वर्षांपूर्वी अपघात विभागात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं चेचली होती. ‘‘दारात बोटं सापडली, साहेब,’’ सोबतचा माणूस म्हणाला. मुलगा मान खाली घालून गप्प. त्याच्या नखांत काळं ग्रीस होतं. मला ते दिसलं होतं. तरी मी टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि केसपेपरवर लिहिलं, ‘दारात सापडून इजा.’ बाहेर रांग होती, हे कारण आज मला पुरेसं वाटत नाही.

अमेरिकेतल्या कामगार नेत्या मेरी हॅरिस ऊर्फ ‘मदर’ जोन्स यांच्याविषयी वाचताना तो मुलगा आठवतो. १८६७च्या पीतज्वराच्या साथीत त्यांचे पती आणि चारही मुलं दगावली. १९०३ साली फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागात गिरणी कामगारांचा संप सुरू होता. आठवड्याचे ६० तास ५५ वर आणा, ही मागणी. संपात हजारो मुलं होती. कुणाचं बोट, कुणाचा अंगठा यंत्राने नेलेला. वर्तमानपत्रं हे छापत नव्हती, कारण त्यांत गिरणीमालकांचे शेअर होते, असं जोन्सबाईंनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. मग त्यांनी या मुलांनाच घेऊन अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या ऑयस्टर बे इथल्या घरापर्यंत मोर्चा नेला. वाटेत सभा घेऊन मुलांचे हात लोकांना दाखवले. रूझवेल्ट भेटले नाहीत, पण विषय देशभर पोहोचला. देशव्यापी कायदा मात्र १९३८ साली झाला.

बाईंनी जे हात भर सभेत दाखवले, तसे हात आम्हा डॉक्टरांच्या टेबलावर येतात. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याची हाडं वाढत असतात, फुप्फुसं घडत असतात. वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. म्हणजे धूळ आणि धूरही. शिसं त्याच्या आतड्यातून अधिक शोषलं जातं आणि मेंदूला कायमची इजा करतं.

‘गरिबी आहे, काय करणार?’ असं आपण सहज म्हणतो. केन्सिंग्टनचे आईबापही गरीबच होते. पण स्वस्तात मूल मिळालं, की त्याच्या बापाला पुरेशी मजुरी कोण देईल?

आपल्याकडे २०१६च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे. कुटुंबाच्या व्यवसायात शाळेबाहेरच्या वेळेत मदत आणि कलाकार म्हणून काम, एवढेच अपवाद. कायदा आहे, नोंद नाही. कामावर झालेली इजा ‘घरी लागलं’ म्हणून लिहिली, की एमएलसी होत नाही, पोलिसांना कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर दुसरं मूल उभं राहतं.

आता मी सोबतच्या माणसाला बाहेर बसवतो आणि मुलाला विचारतो, ‘‘बाळा, दिवसभर काय करतोस?’’ उत्तर केसपेपरवर लिहितो. गॅरेजात, हॉटेलात, कुणाच्या स्वयंपाकघरात असं मूल दिसलं, तर तुम्हीही १०९८ हा नंबर फिरवा. माझ्यासारखं गप्प राहू नका.